घरचा वायरमन

पुंजाराम : ...म्हणून म्हणतो, दोन घरं एकदम मिळाली तर भिमाजी वायरमन दहावर येईल. एकट्या माझ्या घराला तो पॉइंटमागे बारा रुपये मागतोय. सामान आपलं, चहाही आपलाच.

मल्हारी : पॉइंटमागं म्हंजी कशामागं?

पुंजाराम : एक दिवा म्हणजे एक पॉइंट. पंखा असेल तर तो एक, प्लग असेल तर तो एक. अरे, तुझं घर माझ्या आधी बांधून झालं. मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, उपनगरहून, दोन बस बदलून मखमलाबादला तुझ्याकडे भाव विचारायला आलो, आणि पॉइंट म्हणजे काय हे मीच तुला सांगायचं?

मल्हारी : आमच्याकडं पॉइंट मोजायची वेळच आली नाय.

पुंजाराम : मग ठोक ठरवलंस? ठोक किती दिले?

मल्हारी : काय नाय दिलं. फुकटात झालं.

पुंजाराम : नाशिकमध्ये फुकट वायरिंग करणारा माणूस आहे?

मल्हारी : सायखेड्यात हाय. आमचा जावई.

पुंजाराम : असं होय. नशीबवान आहेस मल्हारी. पण मग त्या होल्डरला बल्बच्या जागी कंदील का टांगलाय?

मल्हारी : होल्डर बसवून तयार होता, कंदील घरात रिकामा होता. 

पुंजाराम : म्हणजे लाइट नाही.

मल्हारी : हाय ना. मीटर हाय, खांबावरून वायर आली हाय, वीज बोर्डाचा माणूस येऊन बघून गेलाय. बिल पण येतंय. फक्त उजेड पडत नाय.

पुंजाराम : कधीपासून?

मल्हारी : तसं विचारशील तर काम गणपतीच्या आधी सुरू झालं. आता त्र्याऐंशी साल लागून दोन महिने होत आले. मधी दिवाळीला चार दिवस लाइट आली होती. लय छान वाटलं. मी शेवंतीचे हार रात्री बसून केले, सकाळी फुलबाजारात पहिला भाव मला मिळाला. मग भाऊबीज झाली आणि गेली. संक्रांतीला येता येता परत गेली, आणि आता सोमवारपासून पुन्हा बंद.

पुंजाराम : मल्हारी, मला एक सांग. जावई ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे ना? मग त्याला घरातले दिवे जमू नयेत?

मल्हारी : हे बघ, हीच चूक आम्ही केली. लग्न जमवताना मध्यस्थ म्हणाला, मुलगा विमानाच्या कारखान्यात हाय. मी म्हणलो, झालं. विमानात वायरी असतात. वायरी असतात म्हंजी पोराला त्या येत असणार. मग घर बांधलं तवा चार पाहुण्यांत बसून मी मोठ्या तोंडानं म्हणलो, वायरमन कशाला शोधायचा, आमचे भिकनराव हायेत की. सगळ्यांनी माना डोलवल्या. भिकनरावांनी बी डोलवली. चार पाहुण्यांत सासऱ्याला नाय म्हणणारा जावई तू बघितलाय का?

पुंजाराम : कुठल्या खात्यात आहे तो तिकडे?

मल्हारी : ते आम्ही विचारलं नव्हतं. दसऱ्याला कळलं. रंगखात्यात.

पुंजाराम : रंगखात्यात.

मल्हारी : विमानावर नंबर काढतो. अक्षर लय सुंदर हाय त्याचं. खोटं वाटत असंल तर तो बोर्ड बघ.

पुंजाराम : अरे वा. हे त्यानं रंगवलं? प्रत्येक बटणाखाली नाव आहे. लाल अक्षरं, पिवळी कडा, वर बारीक सावलीसुद्धा. "न्हाणी". पण हा बोर्ड तर देवघरात आहे. देवघराच्या बटणाखाली न्हाणी का लिहिलंय?

मल्हारी : कारण ते दाबलं की न्हाणीत उजेड पडायचा.

पुंजाराम : आणि देवघरात?

मल्हारी : त्याचं बटण पडवीत हाय. पडवीचं सैपाकघरात. मी त्यांना एकदा हळूच म्हणलो, भिकनराव, जरा उलटसुलट झालंय का हे? ते म्हणले, मामा, मधल्या वायरी आता भिंतीत पट्टीखाली गेल्या, पण तुम्हाला अडचण व्हायची नाय. पुढच्या रविवारी ब्रश आणि रंगाचे डबे घेऊन आले. दिवसभर बसून सगळ्या बटणांना नावं घातली. एवढी देखणी नावं की पुढं कुणाचं तोंड उघडेना. सरपंच वायरिंग बघायला आले आणि ग्रामपंचायतीची पाटी रंगवून द्या म्हणून सांगून गेले.

पुंजाराम : तू नोकराला झापावं तसं झापायचं ना रे.

मल्हारी : जावयाला? तू नोटा छापायच्या प्रेसमधी नोकरी करतोस पुंजा, तुला व्यवहार कळायला पायजे. वायरमनला झापता येतं कारण त्याला पैसे दिलेले असतात. फुकट काम करणाऱ्याला काय म्हणायचं? उलट जेवायला वाढायचं.

पुंजाराम : जेवण म्हणजे काय, भाजीभाकरी.

मल्हारी : मटण.

पुंजाराम : दर रविवारी?

मल्हारी : ते म्हणतात, हलक्या पोटी करंट जोरात बसतो. मी कोण नाय म्हणणारा, ते विमानाच्या कारखान्यातले. मग रबरी तळाचे बूट घेतले त्यांना. ते घालूनच विजेचं काम करावं असं असतंय म्हणं. बूट छान निघाले. ते घालून दोघं पिक्चरला गेले. कामाला घालायला नको, खराब होतील, म्हणून काम चपलेवरच चालू हाय.

पुंजाराम : थांब. मला मोजू दे. तुझ्या घरात पॉइंट किती? ही खोली, देवघर, सैपाकघर, न्हाणी, पडवी... पंखे धरून सतरा. भिमाजीनं दहाच्या दरानं एकशे सत्तरात केलं असतं. तुझं मटणच त्याच्या दुपटीनं झालं असेल, आणि बूट वेगळे.

मल्हारी : आणि धोंडे.

पुंजाराम : हे कुठले?

मल्हारी : अरे, अधिक महिना. तीन वर्षांनी एक महिना जादा येतो, त्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खायला घालायचे, अंगभर कपडे करायचे, ताटात दिवा ठेवून द्यायचा. तुमच्यात नसतं का?

पुंजाराम : छप्पन साली आमचं हे सगळं सुटलं.

मल्हारी : जावयासकट?

पुंजाराम : नाही. जावई राहिले.

मल्हारी : मग अर्धंच सुटलं म्हण. तर गणपती झाल्याबरोबर अधिक महिना लागला. आता जावई सायखेड्याला असता तर धोंडे डब्यात घालून यष्टीनं पाठवले असते, वर एक टॉवेल. पण समोर शिडीवर चढलेल्या माणसाला डबा कसा पाठवायचा? पँटपीस, शर्टपीस, शिलाई, टोपी ते घालत नाय तर टोपीऐवजी गॉगल. सगळं केलं. म्हणलं, चला, आता तीन वर्षं सुटलो.

पुंजाराम : सुटलासच की.

मल्हारी : कुठलं. यंदाचं पंचांग बघितलंस का तू?

पुंजाराम : मी कॅलेंडरवर सुट्ट्या बघतो.

मल्हारी : यंदा दोन अधिक महिने हायेत.

पुंजाराम : काहीतरी सांगतोस. तीन वर्षांनी एक ना?

मल्हारी : तीन वर्षांनी एक. यंदा पाच महिन्यांनी दुसरा. मधला एक महिना गाळून टाकलाय आणि दोन जादा घातलेत. मी गुरुजींकडं गेलो. म्हणलं, गुरुजी, छापखान्याची चूक असंल. ते म्हणले, चूक नाय, ग्रहगती अशीच हाय, लय दुर्मीळ योग. मी म्हणलो, एकात दोन्ही धरता येतील का? ते म्हणले, कुणी पहिला खरा धरतं, कुणी दुसरा. मी म्हणलो, मग पहिलाच खरा धरा, त्याचं देऊन झालंय. ते म्हणले, तुम्ही धराल हो, तुमच्या विहीणबाईंनी दुसरा धरलाय. त्या कालच विचारून गेल्या.

पुंजाराम : सायखेड्याहून इथे येऊन?

मल्हारी : चतुराबाई म्हंजी साधी बाई नाय ती. गावभर सांगत फिरती, माझ्या भिकनशिवाय मखमलाबादच्या व्याह्यांच्या घरात उजेड पडत नाय. आता हे तिचं खरं हाय. भिकन असला तरी पडत नाय, तेवढं ती सांगत नाय.

पुंजाराम : म्हणजे येत्या रविवारी दुसरे धोंडे.

मल्हारी : दुसरे. असा योग मागं एकदा आला होता, एकोणीस वर्षांपूर्वी. तवा मी नवा जावई. दोन अधिक महिन्यांचं मिळून माझ्या सासऱ्यानं मला काय दिलं? एक उपरणं.

विठाबाई : (आतून) उपरणं नाय. धोतरजोडी होती. बाबांवर खोटं घालू नका.

मल्हारी : ती ऐकतीय सगळं. चहा ठेवलाय का गं?

विठाबाई : ठेवलाय. भाऊजींना म्हणावं, साखर सांगा.

पुंजाराम : दोन चमचे, वहिनी. मल्हारी, तुझं ऐकून मला तर भिमाजी देवमाणूस वाटायला लागलाय. तो येतो, पॉइंट मोजतो, काम करतो, पैसे घेतो, निघून जातो. परत तोंड दाखवत नाही. मी मघाशीच एक शहाणपणा करून आलोय. तुला सांगणारच होतो.

मल्हारी : काय केलंस?

पुंजाराम : त्याला म्हटलं, माझ्या मित्राचंही घर आहे मखमलाबादला, दोन्हीचा मिळून दहा लाव. तो म्हणाला, आधी घर बघतो. पंचवटीत एक काम आहे त्याचं, ते उरकून सायकलवर इकडे येतोय. अर्ध्या-पाऊण तासात येईल.

मल्हारी : आज?

पुंजाराम : आजच. दोन दिवसांत सगळं सरळ करून देतो म्हणाला. रविवारी जावई येतील तोवर घर लखलखीत. धोंडे वाढ, कपडे दे, आणि हात जोडून सांग की भिकनराव, आता तुम्ही फक्त जेवायला यायचं.

मल्हारी : आजचा वार चांगला नाय.

पुंजाराम : शुक्रवार आहे. शुक्रवारी वायरमन चालत नाही?

मल्हारी : तसं नाय. उद्या गुलाबाची तोड हाय. घरात कुणी नसतं. परक्या माणसाला मोकळं घर कसं द्यायचं?

पुंजाराम : वहिनी असतात की.

मल्हारी : आणि दोन दिवसांत करतो म्हणणारा माणूस मला बरा वाटत नाय. घाईनं केलेलं काम टिकत नाय.

पुंजाराम : सात महिने लावून केलेलं तरी कुठे टिकलंय? मल्हारी, आत्ता अर्धा तास तू माझ्यापुढे रडलास. मी इलाज आणला तर तू तोड सांगतोस. तुझा दहाचा दर झाला तर माझाही दहाच होणार आहे. नाही म्हणालास तर मला बारा पडतील. 

विठाबाई : भाऊजी, हा घ्या चहा. आणि त्या माणसाला परत पाठवा.

पुंजाराम : वहिनी, तुम्ही पण?

विठाबाई : आम्हाला वायरमन नको.

पुंजाराम : अहो, तुम्ही कंदिलावर सैपाक करता.

विठाबाई : जन्मभर केला. डोळ्यांना सवय हाय.

मल्हारी : बघ, घरातल्या बाईलाच नको असंल तर मी काय करणार.

विठाबाई : तुम्ही गप बसा जरा. तुम्ही पाहुण्यांपुढं दर वेळी जावयाची चेष्टा करता. भाऊजी, एक विचारते. तुम्ही किती वेळा आलात आमच्याकडं गणपतीपासून?

पुंजाराम : दोन-तीनदा आलो असेन.

विठाबाई : रविवारी आला नाय कधी. रविवारी आला असता तर कला दिसली असती.

पुंजाराम : कला येते? मला वाटलं एकटा जावई येतो.

विठाबाई : लग्न झाल्यावर पहिल्या चार महिन्यांत कला एकदा आली. आषाढात. गाडीच्या टायमाकडं बघत जेवली आणि गेली. चतुराबाई म्हणायच्या, सूनबाईनं माहेरी सणाला जावं. आणि सण आला की म्हणायच्या, सणाच्या दिवशी घरची सून बाहेर कशी? चूक नाय त्यांची बी. कांद्याचं रान हाय, हात लागतात. मग ह्यांनी पाहुण्यांत ते वायरिंगचं काढलं. मी चतुराबाईंना निरोप धाडला. म्हणलं, तुमचा लेक शिडीवर चढणार, खाली शिडी धरायला रक्ताचं नायतर लग्नाचं माणूस पायजे. भाड्याच्या माणसानं सोडली तर? त्या घाबरल्या. तवापासून दर रविवारी कला शिडी धरायला येती.

पुंजाराम : आणि खरंच धरते?

विठाबाई : आल्या आल्या एकदा हात लावती. मग मी तिचं डोकं धुते, तेल लावते आणि ती सैपाकघरात गोणपाटावर झोपती. उन्हं कलेपर्यंत. बोलत बी नाय फार. तिकडं दुपारचं कुणी झोपत नाय म्हणं. शिडी ह्यांची ह्यांनाच धरावी लागती.

मल्हारी : मीच धरतो. हात भरून येतात.

विठाबाई : तर दिवाळीला काम संपलं. सगळी बटणं चालायला लागली, कुठली का असंनात. गल्लीतले लोक बघून गेले. ह्यांनी पेढे वाटले. मी देवाला हात जोडले आणि म्हणलं, आता पुढचा रविवार?

पुंजाराम : वहिनी, तुम्ही काय केलंत?

विठाबाई : भाऊबीज झाली. कला गेली. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढले. ते पांढरं असतं ना चिनीमातीचं, खटकन ओढलं की निघतं...

पुंजाराम : फ्यूज. त्याला किटकॅट म्हणतात.

विठाबाई : असंल. त्यात केसासारखी एक तार होती. तेवढी काढली. परत लावून दिलं.

मल्हारी : तू काढलीस?

विठाबाई : मीच. तुम्ही बारा दिवस वीज बोर्डाच्या नावानं शिव्या देत होता. मी ऐकत होते.

पुंजाराम : पण वहिनी, फ्यूजची तार घालणं हे दोन मिनिटांचं काम आहे. जावयाला कितीही येत नसलं तरी...

मल्हारी : तुला माहीत नाय. त्याची पद्धत हाय. तो आधी बल्ब काढतो. मग होल्डर खोलतो. मग पट्ट्या उचकटतो, सगळ्या वायरी बाहेर काढून अंगणात पसरतो, फडक्यानं पुसतो. फ्यूजपाशी यायला त्याला चार रविवार लागतात. मी म्हणायचो, सावकाश करतोय, पण नेटकं करतोय.

विठाबाई : सावकाश करतात ते. पण अडाणी नायत. मी तार काढली तवा पहिल्याच रविवारी ते आले, थेट बोर्डापाशी गेले, ते पांढरं ओढून काढलं. आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात कलाच्या डोक्याचं तेल होतं. त्यांनी ते होतं तसं परत बसवलं आणि म्हणले, मामी, दोष खोलवर दिसतोय. शिडी आणा.

पुंजाराम : म्हणजे त्याला माहीत आहे.

विठाबाई : त्यांनी एक शब्द काढला नाय. मी बी काढला नाय. आमचं कामापुरतं बोलणं असतं.

मल्हारी : आणि मी तिकडं मटण आणतोय.

विठाबाई : मटण लेक बी खाती की तुमची. का वायरमननंच खाल्लं सगळं?

पुंजाराम : बरं, दिवाळीची भानगड कळली. पण संक्रांतीला परत गेली म्हणे.

विठाबाई : ती बी मीच. तिळगुळाला कला आली होती, काम संपत आलं होतं. मी म्हणलं, आता लपवालपवी कशाला. ते घरात होते तवाच काढली. त्यांनीच स्टूल धरलं.

पुंजाराम : जावयानं सासूसाठी?

विठाबाई : बाहेर अंगणात हे पाहुण्याला सांगत होते, विमानाच्या कारखान्यातला जावई मिळाला तरी घरात अंधार. मी तार कनवटीला लावली आणि चहा घेऊन बाहेर आले.

मल्हारी : असल्या बाईबरोबर मी वीस वर्षं संसार केला.

पुंजाराम : दोनदा झालं. पण मल्हारी, मघाशी तू म्हणालास, सोमवारपासून परत बंद आहे. म्हणजे रविवारी चालू झाली होती ना?

मल्हारी : मी म्हणलो होतो का सोमवार?

पुंजाराम : म्हणालास की. शिवाय नव्या बल्बच्या वेष्टणाचा कागद अजून खाली पडलाय. आणि कंदिलाची काच आत्ता कुठे काळी व्हायला लागलीय.

विठाबाई : चालू झाली होती, भाऊजी. रविवारी संध्याकाळी. सगळं काम संपलं होतं. कला जाताना म्हणाली, आई, आता मे महिन्यात येईन, रसाला. मी मनात म्हणलं, किती दिवस खोटं करायचं. चतुराबाईला बी लेक हाय, त्या बी कधी समजून घेतील. मी मनाशी ठरवलं होतं, आता तार काढायची नाय.

पुंजाराम : मग सोमवारची कुणी काढली?

विठाबाई : मी सोमवारी भावाकडं बारशाला गेले होते. सकाळी गेले, संध्याकाळी आले. आले तवा लाइट गेलेली.

मल्हारी : उंदीर असंल.

विठाबाई : असंल.

मल्हारी : फुलांच्या वाफ्यात लय झालेत यंदा. वायरी कुरतडतात.

विठाबाई : असंल की. मी फक्त एवढंच म्हणते भाऊजी, की आले तवा स्टूल बोर्डाखाली होतं. आणि स्टुलावर फुलवाल्या माणसाच्या पायाची माती होती.

पुंजाराम : मल्हारी.

मल्हारी : चहा पी. साय धरतीय.

पुंजाराम : तू म्हणे हात भरून येतात शिडी धरून.

मल्हारी : येतातच. ते खोटं नाय. पण कला तिकडं झोपलेली असती ना, तवा घरात एक... मला सांगता येत नाय. तू चहा पी.

विठाबाई : मला काय म्हणाला नायत तुम्ही.

मल्हारी : तू तरी कुठं म्हणालीस. आणि तार काढताना मला झटका बसलाय. चांगला खांद्यापर्यंत. मेन बंद करायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. तू कसं केलंस?

विठाबाई : संक्रांतीला मी आधी जावयाला विचारलं होतं.

पुंजाराम : म्हणजे या घरात तीन जण मिळून एक लाइट बंद ठेवताहात. आणि वर विजेचं बिल येतंय.

मल्हारी : बिल कमी येतं पण.

पुंजाराम : बरं. मग भिमाजीला मी सांगतो, इथलं काम नाही. माझे बारा तर बारा. चौदा पॉइंट आहेत, अठ्ठावीस रुपये जास्त जातील. तुमच्या कलाच्या रविवारापुढे अठ्ठावीस रुपये काय.

विठाबाई : ते अठ्ठावीस मी देते. फुलांतले माझे वेगळे असतात.

पुंजाराम : नको हो वहिनी. तसं नव्हतं म्हणायचं.

विठाबाई : भाऊजी, तुमची सरू कशी हाय? सिन्नरला दिली ना?

पुंजाराम : बरी आहे. पत्र येतं.

विठाबाई : पत्राचं नाय विचारलं. आली कधी होती?

पुंजाराम : घराचा पाया भरत होतो तेव्हा. म्हणजे... भिंती तिनं बघितल्या नाहीत अजून. तिच्याकडे म्हैस आहे, सासऱ्यांना दमा आहे. निघता येत नाही तिला. मी म्हणतो, घर पूर्ण झालं की येईल. रंग लागला की येईल. लाइट आली की येईल.

विठाबाई : लाइट आल्यावर कशाला येईल?

पुंजाराम : का?

विठाबाई : काम काय राहिलं मग तिला?

पुंजाराम : वहिनी, आमचा जावई एसटीत कंडक्टर आहे. विजेतलं त्याला शून्य कळतं. घंटीची दोरी ओढतो, तेवढाच संबंध.

मल्हारी : तेवढा पुरे. जास्त येणारा उपयोगाचा नाय, पटकन उरकतो. कंडक्टर म्हंजी तुझं वर्ष सहज जाईल. आणि त्याला हप्त्याला एक सुट्टी असती, तिकीट बी लागत नाय.

पुंजाराम : त्याला काय सांगू? मी विचारलं तर तो म्हणेल, मामा, मला येत नाही.

मल्हारी : एकट्याला विचारलंस तर म्हणंल. चार पाहुण्यांत विचार.

पुंजाराम : आमच्यात पाहुणे जमवायला निमित्त लागतं.

विठाबाई : घर झालंय. चार माणसं जेवायला बोलवा. भिंती दाखवा. आणि जेवता जेवता म्हणा, वायरमन बारा रुपये मागतोय हो. लांबवून म्हणा. मग जावयाकडं बघा.

मल्हारी : आणि शिडीचं विहीणबाईंना आधीच कळवून ठेव.

पुंजाराम : ती म्हैस?

विठाबाई : म्हैस एक दिवस शेजारीण काढंल. लेकाचा जीव शिडीवर असला की सासूला म्हैस आठवत नाय.

(बाहेर सायकलची घंटा वाजते.)

मल्हारी : आला वाटतं. कोण, भिमाजी का? या की, सायकल आत घ्या, पायरीला लावा. चहा घ्या आधी. नाय हो, काम नाय. तुमचा दर काय वाईट नाय, आमच्याकडं घरचा माणूस लागलेला हाय. सावकाश करतो, पण आमचं भागतं. अगं, अजून एक कप आण.

विठाबाई : आणते. बसा हो भिमाजीभाऊ, लांबून आलात.

पुंजाराम : भिमाजी, माझ्याकडचंही... दोन दिवस थांबा जरा. नाही, बारा मला मान्य होते. तुमच्या कामाबद्दल तक्रारच नाही, तोच तर घोळ आहे. तुम्ही चहा घ्या, मी सांगतो सगळं. मल्हारी, स्टँडवरून सिन्नरची गाडी आता कितीला असते रे?